फाटकाची जागा आधी, फ्लॅटची संख्या नंतर : राज्य मार्गालगतच्या एका लहान गृहप्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडी पट्ट्यातील एका शहराच्या वेशीवर, राज्य मार्गाला लागून असलेल्या सुमारे दहा गुंठे जागेवर एक लहान गृहप्रकल्प उभा राहिला. त्याच्या वाहतुकीच्या आणि पार्किंगच्या आखणीत सल्लागार म्हणून माझा सहभाग होता. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून शहराचे नाव आणि काही बारीकसारीक तपशील येथे गाळले आहेत. जागा एका शेतकरी कुटुंबाची होती. एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन बरीच वर्षे लोटली होती, आणि तीन भावांनी मिळून एका स्थानिक बांधकाम व्यावसायिकाशी भागीदारीचा करार केला होता.

जागेला राज्य मार्गावर एकवीस मीटरची दर्शनी बाजू होती आणि खोली अठ्ठेचाळीस मीटर होती. पश्चिमेला सहा मीटर रुंदीचा, आत जुन्या वस्तीकडे जाणारा बोळ होता. पूर्वेला टायर दुरुस्तीचे दुकान आणि त्याच्या हद्दीवर चिंचेचे जुने झाड होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे बसथांबा होता. तेथे वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसबरोबर महाराष्ट्राच्या एस.टी.ही थांबतात. मार्ग दुपदरी असून मधे दुभाजक नाही. दोन्हीकडे मुरुमाच्या साईडपट्ट्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांचा चिखल होतो.

या पट्ट्यातील रस्त्यांचे वर्षातून दोन स्वभाव असतात, आणि बाहेरून आलेल्या वास्तुविशारदाच्या ते सहसा लक्षात येत नाही. एरवी हा मध्यम वर्दळीचा रस्ता आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावत असतात. मोळ्या ट्रॉलीच्या फाळक्यांबाहेर दोन्हीकडे हातभर आलेल्या असतात, मागचा दिवा बहुधा नसतोच, आणि उतारावर भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या रेट्यापुढे ट्रॅक्टरचा ब्रेक लगेच लागत नाही. अशा रस्त्यावर गृहप्रकल्पाचे फाटक कोठे ठेवावे हा प्रश्न उन्हाळ्यात जागा पाहून सुटत नाही.

अडचण नेमकी कोठे होती

पहिला आराखडा माझ्याकडे आला तेव्हा त्यात सोळा फ्लॅट, दर्शनी बाजूला तीन दुकाने आणि राज्य मार्गावर, बोळाच्या कोपऱ्यापासून नऊ मीटरवर, एकच फाटक होते. परवानगीच्या अटीनुसार दर सदनिकेमागे एक गाडी आणि पाहुण्यांसाठी दहा टक्के जास्त, म्हणजे अठरा जागा दाखवायच्या होत्या, आणि त्या दाखवलेल्या होत्या. कागदावर हिशेब पूर्ण होता, म्हणून व्यावसायिकाला यात अडचण दिसत नव्हती.

नकाशा घेऊन जागेवर एकेक खूण मारत गेल्यावर चित्र बदलले. अठरापैकी तीन जागा पुढच्या मोकळ्या पट्ट्यात होत्या, आणि तो पट्टा रस्ता रुंदीकरणाच्या रेषेत येत होता. रुंदीकरण झाले की त्या तीन जागा रस्त्यात जाणार होत्या. चार जागा एकामागे एक अशा होत्या, म्हणजे पुढच्याने गाडी काढल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येणार नव्हते. एका घरातल्या दोन गाड्यांना ही रचना चालते, दोन शेजाऱ्यांना चालत नाही. राहिलेल्यांपैकी एक जागा नकाशावर अडीच मीटर रुंद होती, परंतु दोन्हीकडे खांब असल्याने गिलावा धरून आत जेमतेम सव्वादोन मीटर उरत होते. बहुतेक गाड्यांची रुंदी 1.7 ते 1.8 मीटर असते. तेवढ्या फटीत गाडी जाते, पण चालकाला दार अर्धवट उघडून अंग चोरत बाहेर पडावे लागते, आणि मागच्या सीटवर म्हातारे माणूस असेल तर त्याला आधीच रस्त्यावर उतरवावे लागते. थोडक्यात, खऱ्या अर्थाने वापरता येतील अशा जागा दहाच होत्या.

फाटकाची अडचण याहून गंभीर होती. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या चालकाला आधी उजवीकडे पाहावे लागते, आणि येथे उजवीकडे चिंचेचा बुंधा व टायरच्या थप्प्या होत्या. फाटकात गाडीचे नाक टेकवून बसल्यावर उजवीकडे सुमारे पस्तीस मीटरच रस्ता दिसत होता. आम्ही रस्त्याच्या कडेला एकमेकींपासून पन्नास मीटरवर दोन खुणा करून स्टॉपवॉचने वाहनांचे वेग पाहिले. बहुतेक मोटारी ताशी चाळीस ते पंचावन्न किलोमीटरने येत होत्या. भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मानकांनुसार ताशी 50 किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी 60 मीटर दृष्टीअंतर, म्हणजे चालकाला दिसणारा मोकळा रस्ता, लागते, आणि 60 च्या वेगाला 80 मीटर. म्हणजे गरजेच्या जवळपास निम्माच रस्ता दिसत होता, आणि तोही ऊस नसताना.

त्यात बोळाचे तोंड नऊ मीटरवर होते. बोळात वळणारी गाडी इंडिकेटर लावते तेव्हा ती फाटकात शिरणार की बोळात, हे मागच्या चालकाला कळत नाही. पलीकडून येऊन उजवीकडे वळणारी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबणार, समोर बस उभी असणार आणि मागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असणार.

आणखी एक बाब कोणीच विचारली नव्हती. मी रात्री दहाच्या सुमारास जवळच्या दोन जुन्या अपार्टमेंटमधल्या गाड्या मोजल्या. चारचाकी निम्म्याच घरांकडे होती, दुचाकी मात्र घरटी दोनच्या आसपास होत्या. नियमाने चारचाकीची जागा मागितली होती, दुचाकीसाठी आराखड्यात जिन्याखालचा एक कोपरा होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच आहे तोच आराखडा पुढे रेटण्याचा होता. महामार्गावर तोंड असलेल्या इमारतीचा भाव जास्त येतो, हा व्यावसायिकाचा मुद्दा खरा होता आणि तो मी कमी लेखत नाही. दर्शनी फाटक, वर नावाची कमान, दोन्हीकडे दिवे हे ग्राहकाला हवे असते. परंतु राज्य मार्गावर नवीन प्रवेश घ्यायचा तर सार्वजनिक बांधकाम खात्याची परवानगी लागते, आणि त्या दृष्टीअंतरावर ती मागणेच मला योग्य वाटत नव्हते.

दुसरा पर्याय तळघराचा होता. तो भागीदारांपैकी थोरल्या भावाला फार आवडला होता, कारण त्यांनी कोल्हापुरात तसे पाहिले होते. येथे साधे गणित पुरे होते. मोटारीच्या उतरंडीचा चढ दहास एक धरला तर तीन मीटर खाली जायला तीस मीटर लांबीचा उतार लागतो, आणि जागेची एकूण खोलीच अठ्ठेचाळीस मीटर आहे. उतार, त्याच्या दोन्ही टोकांचा सपाट भाग आणि वळण वजा केल्यावर तळघरात जेवढ्या गाड्या मावल्या असत्या, जवळपास तेवढीच जागा उताराने खाल्ली असती. शिवाय खाली काळी माती होती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तळघराच्या भिंती आणि पाणी उपसणारा पंप यांचा खर्च सोळा फ्लॅटवर टाकणे कोणालाच परवडले नसते.

यांत्रिक, एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या पार्किंगचा विचार एका बैठकीपुरताच झाला. वीज गेली की गाडी वर अडकते, आणि दुरुस्तीला माणूस पुण्याहून किंवा बेंगळूरहून बोलवावा लागतो.

उरला तो पर्याय फाटक बोळात नेण्याचा. यात दृष्टीअंतराचा फायदा मोठा होता. बोळाच्या तोंडाशी उभे राहून उजवीकडे पाहिले की नजर आधी प्रकल्पाच्याच एकवीस मीटर दर्शनी बाजूवरून जाते, आणि ती बाजू मोकळी ठेवणे आपल्या हातात होते. चिंच तेथून दुप्पट लांब पडते, त्यामुळे दिसणारे अंतरही साधारण दुप्पट, म्हणजे सत्तर मीटरच्या घरात जाते. शिवाय बोळाचे तोंड आधीपासून तेथे आहे. रोजच्या चालकांना ते ठाऊक आहे, आणि नवा धोक्याचा बिंदू तयार होत नाही.

तोटा बोळातल्या लोकांचा होता. सहा मीटरच्या बोळात एका कडेला उघडे गटार, दुसऱ्या कडेला उभ्या दुचाकी, दोन गोठे आणि संध्याकाळी खेळणारी मुले, अशा ठिकाणी आणखी डझनभर गाड्यांची ये-जा वाढणार होती. बोळातल्या मंडळींना हे कळले ते आखणीच्या खुणा मारताना, आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर जमले. “अण्णा, तुमच्या गाड्या येतील-जातील, पण आमची म्हस दारातनं काढायची कुठनं?” असे एका वृद्ध बाईंनी जमीनमालकांना विचारले. मला त्या सगळ्या चर्चेतला सर्वांत नेमका वाहतूक-प्रश्न तोच वाटला, कारण रस्त्याची रुंदी कोणाकोणाच्या वापरासाठी आहे हे त्यात आले होते.

निर्णय आणि त्यामागची देवाणघेवाण

निर्णय एकदम झाला नाही. कळीचा क्षण आला तो फ्लॅटच्या संख्येवर. बोळाच्या बाजूने दीड मीटरचा पट्टा सोडला तर बोळ प्रकल्पाच्या लांबीपुरता साडेसात मीटरचा होतो आणि दोन गाड्या एकमेकींना चुकवून जाऊ शकतात. पण दीड गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे बहात्तर चौरस मीटर जागा हातची जात होती. पुढचा रुंदीकरणाचा पट्टा पार्किंगमधून वगळला की सोळा फ्लॅटच्या अठरा जागा बसत नव्हत्या. चौदा फ्लॅट, दोन दुकाने आणि सोळा स्वतंत्र जागा एवढे मात्र नीट बसत होते.

दोन फ्लॅट आणि एक दुकान सोडणे हे लहान प्रकल्पात हलके नसते. व्यावसायिकाने आधी नकारच दिला. त्याला पटले ते सुरक्षिततेच्या युक्तिवादाने नव्हे, हे नोंदवले पाहिजे. पटले ते पुढील कारणाने. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्याने प्रकल्पाची रेरा कायद्याखाली, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली, नोंदणी करावी लागणार होती, आणि त्या कायद्यात उघडे पार्किंग हा सामाईक क्षेत्राचा भाग आहे. पुढच्या पट्ट्यातल्या तीन उघड्या जागा तीन ग्राहकांना वेगळे पैसे घेऊन देण्याचा जो बेत होता, तो तसाही टिकणारा नव्हता. पैसे घेतलेल्या आणि पुढे रस्त्यात गेलेल्या जागांचे भांडण डोक्यावर घेण्यापेक्षा फ्लॅट कमी केलेले बरे, असे त्याने स्वतःच भावांना समजावले.

बोळातल्या लोकांशी तीन गोष्टी ठरल्या. सोडलेला पट्टा स्थानिक संस्थेच्या नावे रीतसर करून द्यायचा. उघडे गटार प्रकल्पाच्या खर्चाने बंदिस्त करून त्यावर काँक्रीटची झाकणे बसवायची, म्हणजे तेवढी रुंदी चालणाऱ्यांना आणि जनावरांना मिळेल. आणि फाटक कोपऱ्यापासून बावीस मीटर आत ठेवायचे, गोठ्यांच्या समोर नाही. परवानगीचे आदेश कन्नडमध्ये होते. त्यातल्या पार्किंगच्या अटी बोळातल्या बैठकीत आणि पुढे ग्राहकांसमोर मराठीत वाचून दाखवण्यात आल्या. सीमाभागात हे एक काम वगळले की निम्मे वाद तेथून सुरू होतात.

प्रत्यक्ष काम

फाटकाच्या रचनेवर आम्ही बराच वेळ दिला आणि तो वाया गेला नाही. फाटक बोळाच्या कडेला न ठेवता पाच मीटर आत घेतले, म्हणजे ते उघडेपर्यंत थांबलेली गाडी बोळात अडथळा करत नाही. पल्ल्याचे फाटक टाळून सरकते फाटक बसवले. बोळाच्या पातळीपासून स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंग मजल्याची, फरशी तीस सेंटीमीटर उंच होती. तो चढ फाटकाच्या आत, तीन मीटर लांबीत बसवला, आणि फाटकाबाहेरचा भाग सपाट राहिला. गाडी चढावर तिरकी उभी असेल तर चालकाला बॉनेटपुढचे लहान मूल दिसत नाही. एवढ्यासाठी हा खटाटोप होता. फाटकासमोर गटारावर जाळी टाकली, नाहीतर पहिल्या वळिवातच बोळातले पाणी स्टिल्टमध्ये शिरले असते.

राज्य मार्गाच्या कोपऱ्यावर कुंपणाची भिंत छाटून गोलाई दिली. पूर्वेकडून येऊन डावीकडे बोळात वळणाऱ्या गाडीला आता रस्त्यावर जवळपास थांबून वळावे लागत नाही, आणि पुढच्या पट्ट्याचा पहिला उपयोग हाच झाला. कोपऱ्याजवळ भिंतीची उंची नव्वद सेंटीमीटरच ठेवून वर लोखंडी जाळी लावली. पट्ट्यात 1.8 मीटर रुंदीची पायवाट आखली, कारण रस्ते परिषदेच्या मानकांत पदपथाची मोकळी रुंदी किमान तेवढी सांगितली आहे. राज्य मार्गाच्या बाजूला साडेतीन मीटरचे एक मोकळे तोंड साखळी लावून बंद ठेवले. अग्निशमनाचा बंब बोळात वळवावा लागू नये हा त्याचा हेतू होता.

स्टिल्टमध्ये खांबांची जाळी संरचना अभियंत्याकडून पुन्हा मांडून घेतली. मधे सहा मीटरची मार्गिका, दोन्हीकडे काटकोनात जागा, आणि खांब गाडीच्या नाकाजवळ किंवा शेपटीजवळ येतील, दाराजवळ येणार नाहीत, अशी ती मांडणी होती. खांबांमुळे अडचणीत राहिलेले दोन तुकडे दुचाकींना दिले, आणि जिन्यामागची पट्टी मिळून अठ्ठावीस दुचाकींची सोय झाली.

बांधकामाच्या काळात मात्र ढिलाई झाली. वाळूचे टिप्पर साईडपट्टीवर उभे राहू लागले आणि ऐन हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागली. ऊसवाहतुकीचे मुकादम भांडायला उतरल्यावर टिप्परसाठी पुढच्या पट्ट्यात खडी टाकून जागा केली गेली. ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

परिणाम

राहायला लोक आल्यानंतरच्या दोन हंगामांत कोपऱ्यावर अपघात झालेला नाही. दोन हंगामांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण बोळातून बाहेर पडणारे चालक आता नाक रस्त्यात न घालता थांबून पाहतात, एवढे डोळ्यांना दिसते. चौदा घरांत नऊ चारचाकी आहेत. दुचाकींच्या अठ्ठावीस जागा भरल्या आहेत, आणि कॉलेजला जाणारी मुले वाढली तशा चार-पाच दुचाकी पाहुण्यांच्या जागेत उभ्या राहू लागल्या आहेत.

जागा विकल्या नाहीत, चिठ्ठ्या टाकून वाटल्या. त्यामुळे सुरुवातीचा वाद टळला, पण गाडी नसलेल्या दोन घरांनी आपली जागा बाहेरच्या माणसांना महिन्याच्या भाड्याने दिली तेव्हा नवा उभा राहिला. अनोळखी माणूस रात्री फाटक उघडतो, ही बायकांची तक्रार रास्त होती. शेवटी भाडे फक्त इमारतीतल्या रहिवाशाकडूनच घ्यायचे, असा ठराव झाला.

साखळीने बंद ठेवलेल्या तोंडाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. गणपतीत बोळाच्या तोंडाशी मंडळाचा मांडव पडतो आणि बोळ जवळजवळ बंद होतो. तेवढ्या दिवसांत साखळी काढून, एक माणूस उभा करून, गाड्या तेथून आत-बाहेर काढतात. कोल्हापूर-इचलकरंजीकडून गौरीला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्याही पट्ट्यातच लागतात. हे तोंड कायमचे फाटक करावे अशी मागणी दरवर्षी एकदा होते, आणि आजवर ती टळली आहे.

खरी कसर दुकानांत राहिली. एका गाळ्यात औषधांचे दुकान आले, त्याचा त्रास नाही. दुसऱ्यात शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी सहा वाजता एक तुकडी सुटते, दुसरी येते, आणि त्या पंधरा मिनिटांत मुलांच्या सायकली, स्कूटर आणि न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्या साईडपट्टीवर, नेमक्या दृष्टीरेषेत उभ्या राहतात. एवढा खटाटोप करून मोकळी ठेवलेली सत्तर मीटरची नजर दिवसातून दोन-तीन वेळा पुन्हा झाकली जाते.

वेगळे काय करता आले असते

दुकानांच्या पार्किंगचा हिशेब क्षेत्रफळावर केला होता. तो वापरावर करायला हवा होता. चारशे चौरस फुटांचे औषधांचे दुकान आणि तेवढीच शिकवणी यांचा रस्त्यावरचा भार सारखा नसतो. विक्रीकरारात गाळ्याच्या वापराची अट घालता आली असती. ती घातली असती तर गाळ्याचा भाव थोडा उतरला असता, आणि त्या वेळी दोन फ्लॅट सोडून बसलेल्या व्यावसायिकाकडे ती मागणे अवघड होते, हेही मान्य केले पाहिजे.

बोळातल्या लोकांशी बोलणे खुणा मारण्याआधी व्हायला हवे होते. गटार झाकण्याची कल्पना त्यांच्याकडूनच आली, आणि ती आधी कळली असती तर पातळ्यांचे नकाशे दोनदा काढावे लागले नसते. दुचाकींसाठी घरटी दोन हा आकडा आजच अपुरा ठरतो आहे. अशा शहरांत तो अडीच धरावा आणि गाडी नसलेल्या घरांना मोटारीच्या जागेत दुचाकी लावण्याची मुभा पहिल्यापासून लेखी द्यावी, असे माझे मत झाले आहे.

शाळेच्या व्हॅनचा विचार कोणीच केला नव्हता. ती सकाळी बोळाच्या तोंडाशी थांबते. पुढच्या पट्ट्यात, पायवाटेला धक्का न लावता, तिच्यापुरती थांबण्याची जागा आखावी असा प्रस्ताव रहिवाशांनी स्थानिक संस्थेकडे दिला आहे. शिकवणीच्या चालकांशीही दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्याविषयी बोलणे चालू आहे. रुंदीकरणाचे काम सुरू झाले की पट्टा जाईल, आणि व्हॅन, पाहुणे व गणपतीतली वाट या तिन्हींची सोय पुन्हा पाहावी लागेल. मोटारींच्या सोळा जागांना मात्र त्याने धक्का लागणार नाही.